जुन्या इमारतीचे स्टॉक-चेकिंग

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीवरून आम्ही परत आलो, तेव्हा मेसच्या मागची जुनी इमारत जागेवर नव्हती. सहावीत असताना पाऊस आला की आम्ही तिच्याच व्हरांड्यात फॉल-इन व्हायचो. आता तिथे विटा, चुना, माती आणि कौलांचे तुकडे यांचा ढीग होता. ढिगातून एका सागवानी तुळईचे टोक वर आले होते. जेसीबीने ती मधोमध मोडली होती आणि मोडलेल्या जागी आतले लाकूड अगदी कोरे दिसत होते. दोन दिवसांनी तो ढीगही ट्रॉल्यांतून गेला.

इमारत पाडणे चूक होते असे मला म्हणायचे नाही. भिंतीला भेग गेली होती आणि त्या बाजूला जायला आम्हाला मनाई होती. मला प्रश्न पडला तो तुळईचा. इस्टेटचे काम पाहणाऱ्या सरांना मी विचारले, "सर, लाकूड चांगले होते, काढून का नाही ठेवले?" सर रागावले नाहीत. त्यांनी मलाच विचारले, "किती तुळया होत्या? लांबी किती? त्यातल्या चांगल्या किती? कोणाला हव्या होत्या? आणि हे कुठे लिहिलेले आहे?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. ठेकेदाराला आठ दिवसांत जागा मोकळी करून द्यायची होती, आणि आठ दिवसांत कोणी तुळया मोजत बसत नाही.

हेच पाच प्रश्न जगभरचे वास्तुविशारद आणि इंजिनियर आज संगणकाच्या मदतीने सोडवत आहेत. ते कसे, आणि आमच्या गटाने जानेवारीत जुन्या बँडरूमवर त्यातले काय करून पाहिले, ते सांगतो.

आधी एवढा आटापिटा कशासाठी, ते पाहू. दहावीच्या रसायनशास्त्रात आपण चुनखडी तापवतो. कॅल्शियम कार्बोनेटपासून चुना तयार होतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हिशेब सोपा आहे: १०० ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम चुना मिळतो आणि ४४ ग्रॅम वायू हवेत जातो. सिमेंटच्या भट्टीत हेच होते, फक्त टनांच्या मापात. भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवायची, तर त्या इंधनाचा धूर वेगळाच. माणसामुळे जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. विटा भाजाव्या लागतात, लोखंड वितळवावे लागते. म्हणजे घरात पहिला दिवा लागण्यापूर्वीच घराच्या नावावर भरपूर धूर जमा झालेला असतो. इमारत पाडली की तो सगळा खर्च वाया जातो आणि नव्या इमारतीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. माझीही झाली होती. जुने काँक्रीट फोडून खडी करणे ही पुनर्प्रक्रिया. ती चांगलीच, पण त्या खडीपासून पुन्हा काँक्रीट करायचे तर सिमेंट नवेच लागते. लोखंडी गर्डर वितळवून नवा गर्डर करणे हीसुद्धा पुनर्प्रक्रियाच, आणि त्याला पुन्हा भट्टी लागते. पण तोच गर्डर स्क्रू-बोल्ट काढून, पुसून, दुसऱ्या छताला जसाच्या तसा लावला तर भट्टी पेटवावीच लागत नाही. याला पुनर्वापर म्हणायचे. स्वित्झर्लंडमधील एका तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये एक गंमत करून दाखवली. नूतनीकरण चाललेल्या एका इमारतीच्या काँक्रीटच्या भिंतींतून त्यांनी करवतीने २५ ठोकळे कापून काढले आणि पोलादी तारांनी ताणून त्यांची १० मीटर लांबीची कमानदार पादचारी पूल-कमान उभी केली. रीक्रीट असे तिचे नाव. काँक्रीट पाडले की त्याची खडीच होते, असे मी तोपर्यंत धरून चाललो होतो.

मग सगळीकडे पुनर्वापरच का होत नाही? कारण आपले क्यूएम स्टोअर आणि पडणारी इमारत यांत एक मोठा फरक आहे. स्टोअरमधल्या प्रत्येक बुटाच्या जोडीला, घोंगडीला, तंबूच्या खुंटीला लेजरमध्ये एक ओळ आहे. शस्त्रागारातल्या प्रत्येक रायफलीला नंबर आहे. वस्तू कुठे आहे, कशी आहे, कोणाकडे दिली, हे पान उघडले की कळते. इमारतीचे असे पान कुणाकडेच नसते. असलाच तर बांधकामाच्या वेळचा एक नकाशा असतो, आणि त्यानंतर कुणी भिंत काढलेली असते, कुणी खिडकी बुजवलेली असते. त्यामुळे पाडणाऱ्याला ती इमारत म्हणजे अमुक इतके टन वजन दिसते आणि नवी बांधणाऱ्याला ती दिसतच नाही.

आपल्याकडे हे लेजर डोक्यात ठेवणारी माणसे होती. वाईजवळच्या आमच्या गावी आजोबांच्या वाड्याची मागची बाजू उतरवली तेव्हा मी लहान होतो. 'पाडली' असे आजोबा म्हणत नाहीत, 'उतरवली' म्हणतात. सुतारांनी प्रत्येक खांबावर, तुळईवर आणि पाटईवर गेरूने आकडे घातले होते. वाड्याचे माप खणांत असते, दोन तुळयांमधली एक जागा म्हणजे एक खण. त्यामुळे तीन खणांचे लाकूड उतरले की दुसरीकडे तीन खणांचा सोपा उभा राहतो, हे सुताराला न मोजता कळते. खिळे जवळजवळ नाहीत, सगळे कुसवात बसवलेले, म्हणून सुटतेही न मोडता. तेच लाकूड आज आमच्या गोठ्यावर आणि चुलत्यांच्या ओसरीवर आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे दक्षिणचित्र नावाचे संग्रहालय आहे. १९९६ साली ते सुरू झाले. दक्षिणेकडच्या राज्यांतली जुनी घरे मूळ जागेवरून भाग-भाग सोडवून तिथे पुन्हा उभी केली आहेत. आपल्या शाळेची सहल गेली होती तेव्हा मी ती घरे पाहिली, पण ती तिथे आली कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

अशी नोंद इमारत उभी असताना करता येते. पण ती आधीच कोसळलेली असेल तर? याचे मला सापडलेले सर्वांत मोठे उदाहरण जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचे आहे, आणि ते सैनिकी शाळेच्या मासिकात यायलाच हवे.

तिथले फ्राउएनकिर्खे हे वालुकाश्माचे चर्च गेओर्ग बेअर या स्थपतीने योजले आणि १७२६ ते १७४३ या काळात ते बांधले गेले. त्याचा घुमटसुद्धा दगडाचा होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकले. चर्च पहिल्या रात्री पडले नाही. शहर जळत होते, त्या उष्णतेने आतले दगडी खांब कमजोर झाले आणि १५ फेब्रुवारीला घुमट खाली आला. पुढची सुमारे ४५ वर्षे तो ढिगारा युद्धाची आठवण म्हणून तसाच ठेवला गेला. जर्मनी एक झाल्यावर पुन्हा बांधायचे ठरले, आणि ठरवणाऱ्यांनी एक अट घातली: जुना दगड शक्य तेवढा वापरायचा, आणि तोही त्याच्या मूळ जागी.

आता कल्पना करा. हजारो दगड, एकही नंबर नाही, प्रत्येक दगड काळवंडलेला. काम सुरू करताना त्यांनी ढिगारा उपसला नाही, वाचला. दगड कुठे पडला होता ते नोंदवले, कारण उत्तरेच्या भिंतीचा दगड बहुधा उत्तरेलाच पडणार. मग प्रत्येक उपयोगी दगड मोजला, त्याचे फोटो घेतले, यादीत टाकला. संगणकावर दगडांच्या त्रिमिती आकृत्या फिरवून-फिरवून पाहिल्या आणि कोणत्या जागी कोणता दगड बसतो ते शोधले. असे सुमारे ३८०० जुने दगड पुन्हा भिंतीत गेले. १९९४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा खुले झाले. फोटोत पाहिले तर फिकट नव्या दगडांमध्ये जुने काळे दगड ठिपक्यांसारखे दिसतात.

दरवाजांच्या बाबतीत संगणकही थांबला. ओकच्या दरवाजांवरचे कोरीव काम कसे होते याचे नीट चित्रच नव्हते. मग लोकांना आवाहन केले. पूर्वी लग्न लागले की वऱ्हाड त्या दरवाजासमोर फोटो काढायचे. लोकांनी घरातले लग्नाचे अल्बम पाठवून दिले आणि त्यावरून सुतारांनी दरवाजे केले. घुमटावरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या ॲलन स्मिथ या कारागिराने घडवला. त्यांचे वडील १९४५ च्या त्या हल्ल्यात एका बॉम्बफेकी विमानावर होते. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा प्रेप संपल्याची घंटा झाली होती, तरी मी उठलो नाही.

ड्रेस्डेनमध्ये जुना दगड वापरण्याचे कारण कार्बन वाचवणे हे नव्हते. पण मोजा, फोटो घ्या, नंबर द्या, संगणकावर जुळवून पाहा ही रीत आज जुन्या साहित्याचा पुनर्वापर करणारेही वापरतात. फरक इतकाच की आता मोजायला वर्षे लागत नाहीत.

मोजण्याच्या दोन पद्धती मुख्य आहेत. पहिली लायडार. यंत्रातून प्रकाशाचा झोत जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि त्याला किती वेळ लागला यावरून अंतर निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १५ सेंटिमीटर. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, तेव्हा त्या घड्याळाची अचूकता काय असेल! असे लाखो ठिपके घेतले की खोलीची त्रिमिती प्रत तयार होते. हे यंत्र आपल्याकडे नाही आणि परवडणारेही नाही.

दुसरी पद्धत साध्या फोटोंची, तिला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. मॅप रीडिंगमध्ये आपण रिसेक्शन शिकतो. ओळखीच्या दोन खुणांचे बेअरिंग घ्यायचे, त्यांचे बॅक बेअरिंग काढायचे, नकाशावर दोन रेषा ओढायच्या. त्या छेदतात तिथे आपण उभे. फोटोग्रॅमेट्रीत संगणक हेच करतो, पण त्याचे काम अवघड आहे, कारण त्याला खुणांची जागाही माहीत नसते आणि कॅमेऱ्याचीही. म्हणून त्याला एकमेकांवर भरपूर चढणारे पुष्कळ फोटो लागतात. एकच खिळा, एकच डाग अनेक फोटोंत शोधून तो दोन्ही जागा एकदमच सोडवतो.

आम्ही बँडरूमवर हीच पद्धत वापरली. ही बँडरूम म्हणजे १८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद दगडी शेड, वर मंगलोरी कौले, आत पाच लाकडी कैच्या. उन्हाळ्यात ती पाडली जाणार हे नोटीस बोर्डावर आले होते. कॅडेटना मोबाइल ठेवता येत नाही हे पालकांना माहीतच आहे, म्हणून संगणकाच्या सरांनी रविवारी दोन तास स्वतःचा फोन दिला. पहिल्या रविवारी आम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ चालत फोटो काढले आणि लॅबच्या संगणकाला रात्रभर कामाला लावले. सकाळी पाहतो तर बँडरूम केळ्यासारखी वाकलेली! एकाच दिशेने फोटो घेतले की छोट्या चुका साठत जातात आणि लांब वस्तू वाकडी दिसते. शिवाय चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवर संगणकाला धरायला एकही खूण नव्हती, तिथे नुसती भोके पडली होती.

दुसऱ्या रविवारी आम्ही भिंतीवर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले, दोन्ही बाजूंनी आणि तिरके फोटो घेतले, एकूण ६४०. फोटोवरून आकार कळतो, माप कळत नाही. बाहुलीचे घर आणि खरे घर फोटोत सारखेच. म्हणून चित्रात माहीत असलेल्या लांबीची एखादी वस्तू असावी लागते. आम्ही ड्रिल उस्तादांकडे त्यांची पेस स्टिक मागितली. ती तीस इंचांच्या पावलाला लावलेली असते आणि तिच्याइतकी खात्रीची वस्तू कॅम्पसमध्ये दुसरी नाही. उस्तादांनी ती दिली, पण स्वतः शेजारी उभे राहिले. या वेळी कैच्यांची मापे टेपने घेतलेल्या मापांशी दोन सेंटिमीटरच्या आत जुळली.

मग रजिस्टर. प्रत्येक वस्तूला एक नंबर, माप, कशापासून केलेली आहे, कशी जोडलेली आहे, सध्याची स्थिती आणि एक फोटो. युरोपात याला साहित्याचा पासपोर्ट म्हणतात. टोमास राऊ या वास्तुविशारदाने नेदरलँड्समध्ये ही कल्पना पुढे नेली आणि २०१७ मध्ये माडास्टर नावाची संगणकीय नोंदवही सुरू झाली. इमारत उभी असतानाच तिच्यातले साहित्य तिथे नोंदवून ठेवायचे. राऊ यांच्याच कार्यालयाने ट्रिओडॉस बँकेची एक लाकडी इमारत योजली, ती २०१९ मध्ये पुरी झाली. ती पुढे सोडवता यावी म्हणून स्क्रूने जोडली आहे, आणि स्क्रूंची संख्यासुद्धा नोंदलेली आहे: १,६५,३१२. आमच्या क्यूएम सरांना हा आकडा सांगितला तेव्हा ते पहिल्यांदाच या प्रकल्पावर खूश झाले.

पासपोर्टचा विचार करताना आमच्या लक्षात आले की मंगलोरी कौलाला तो जन्मतःच असतो. कौल उलटे करून पाहा. मागे कारखान्याचे नाव आणि गाव उठवलेले असते. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला; त्यांच्या जुन्या कौलांवर ते साल दिसते, पण ते कारखान्याचे साल, कौल भाजल्याचे नव्हे. आमच्या एका मित्राने ते पाहून बँडरूम १८६५ ची ठरवली होती आणि तसे हाउसभर सांगितलेही होते.

मोजले, नोंदले, आता कोणती वस्तू कुठे वापरायची? इथे संगणकाचा खरा उपयोग आहे. एक छोटे कोडे घ्या. तुमच्याकडे ५, ४ आणि ३ मीटरच्या तीन जुन्या तुळया आहेत. तुम्हाला ३ मीटरचे दोन आणि २ मीटरचे तीन तुकडे हवेत. घाईत असलेला माणूस ५ मीटरच्या तुळईतून २ मीटरचे दोन तुकडे कापतो, १ मीटर उरतो. ४ मीटरमधून ३ मीटरचा एक, पुन्हा १ मीटर उरतो. ३ मीटरची तुळई तशीच लागते. आता २ मीटरचा एक तुकडा कमी पडला, आणि हातात १ मीटरचे दोन निरुपयोगी ठोकळे आहेत. नवे लाकूड आणा! तेच ५ मधून ३ आणि २, ४ मधून २ आणि २, आणि ३ तशीच असे कापले असते तर वीतभरही उरले नसते. तीन तुळयांचे कोडे आपण कागदावर सोडवू. तीनशे तुळया, त्यांची वेगवेगळी जाडी आणि ताकद, आणि नव्या इमारतीत पाचशे जागा असतील तर ते माणसाच्या आवाक्यातले नाही. संगणक लाखो जोड्या लावून पाहतो. कापताना करवतीची जाडीही जाते, ती धरायला आम्ही आधी विसरलो होतो.

यातून घर बांधण्याचा क्रमच उलटा होतो. नेहमी आधी नकाशा आणि मग साहित्य. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गावी २०२१ मध्ये के ११८ नावाची इमारत पुरी झाली, तिथे आधी साहित्य शोधले आणि मग नकाशा केला. जुन्या कारखान्याच्या शेडवर तीन मजले चढवायचे होते. पोलादी सांगाडा बासेलमधल्या एका वितरण केंद्रातून आला, बाहेरचा लोखंडी जिना झुरिकच्या एका कार्यालयातून, बाहेरून लावलेले लाल पत्रे एका छापखान्यावरून. जिना तयारच असल्यामुळे मजल्यांची उंची त्याच्यावरून ठरवावी लागली. नवे साहित्य वापरले असते त्यापेक्षा सुमारे ६० टक्के कमी हरितगृह वायू बाहेर पडले आणि सुमारे ५०० टन नवे साहित्य वाचले. मात्र त्यासाठी त्या लोकांना पाडल्या जाणाऱ्या इमारती शोधत गावोगाव हिंडावे लागले. सगळ्या इमारतींचे पासपोर्ट असते तर ते टेबलावर बसून झाले असते.

आपल्या देशात बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ मध्ये नियम आले. दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा निघत असेल तर काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा असे वेगळे करणे त्यांत सांगितले होते. त्याच वर्षीच्या भारतीय मानकात फोडलेल्या काँक्रीटची खडी ठरावीक प्रमाणात वापरायला मान्यता मिळाली. हे सगळे मलब्याबद्दल आहे. मलबा होण्याच्या आधीच्या दिवसाबद्दल अजून आपण फारसे बोलत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये नोएडाचे दोन जुळे मनोरे स्फोटकांनी पाडले, ते आपण सगळ्यांनी टीव्ही रूममध्ये टाळ्या वाजवत पाहिले. काही सेकंदांचे काम. आता तो व्हिडिओ लागला की मला त्यातल्या खिडक्या दिसतात.

आता आमचा पराभव. रजिस्टर तयार झाले, पाचही कैच्यांपुढे 'स्थिती: उत्तम' लिहिले आणि मॉडेल प्रिन्सिपल सरांना दाखवायची वेळ घेतली. त्याआधी इस्टेटच्या सरांनी एका वयस्कर मेस्त्रींना बोलावले. (मेस्त्री हा शब्द इथे कन्नडमध्येही तोच, त्यामुळे माझी सोय झाली.) त्यांनी आमच्या स्क्रीनकडे पाहून मान डोलावली, शिडी लावली, आणि खिशातल्या छोट्या हातोडीने कैचीचे टोक ठोकले. टक्-टक्-टक् आणि मग एकदम ढब. दोन कैच्यांची भिंतीत रुतलेली टोके वाळवीने आतून पोकळ केली होती. वरचा पापुद्रा आणि त्यावरचा रंग शाबूत होता, आणि फोटोत नेमका तेवढाच येतो. दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक असलेल्या मॉडेलला आतले काही कळले नव्हते. ती कैची कोणी छताला लावली असती तर काय झाले असते, ते मेस्त्रींनी हाताने खाली दाखवले. बोलले नाहीत.

मी रात्री रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: 'ठोकून पाहिले का? कोणी?' कौलांचेही तेच केले. कौल बोटाच्या पेराने वाजवले की चांगले कौल खणखणते आणि बारीक चीर असलेले बसक्या आवाजात वाजते. तडा डोळ्याला दिसत नाही. संगणकाने छतावर २,२४० कौले मोजून दिली होती. उतरवल्यावर ज्युनियरांनी दोन रविवार वाजवून त्यांतली १,७१० चांगली काढली. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सव्वाचार टन भाजलेली माती ट्रॉलीत जायची वाचली. दोन रविवारांचा क्रिकेट तास गेला म्हणून त्यांनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला होता, ते इथे नमूद करतो.

प्रिन्सिपल सरांनी रजिस्टर पाहिले आणि पाडकामाच्या कामात एक अट घातली, की छत आधी हाताने उतरवायचे आणि मगच जेसीबी आणायचा. त्याला बारा दिवस जास्त लागले आणि मजुरीही जास्त लागली. हे लपवण्यात अर्थ नाही. पुनर्वापर दर वेळी स्वस्त पडतोच असे नाही. मशीन वेगवान असते आणि माणसाचा वेळ महाग. पण तीन कैच्या सलग उतरल्या. तीन कैच्या म्हणजे दोन खण. सध्या सायकल स्टँडवर जे नवे छत दिसते ते त्याच दोन खणांचे आहे, कौलेही तीच.

पालकांना एक विनंती. गावाकडचे किंवा शहरातले जुने घर पाडायचे ठरले असेल तर ठेकेदार येण्याआधी एक रविवार काढा. प्रत्येक खोलीत टेप पसरून, सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. दारे, खिडक्या, तुळया, फरश्या यांची मापे वहीत लिहा आणि ती वही सुताराला दाखवा. त्याला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर कुठले लाकूड कुठून आणले होते, तेही कळेल.

आमचे रजिस्टर आता क्यूएम स्टोअरमध्ये आहे, इतर लेजरच्याच कपाटात. त्यातल्या बऱ्याच ओळी अजून रिकाम्या आहेत. १४ ते १७ क्रमांक: सागवानी खिडक्या, चार, गजांसह, १.२ मीटर बाय ०.९ मीटर, एकीची कडी नाही. २२ क्रमांक: शहाबादी फरशी, ६१ नग. ३१ आणि ३२ क्रमांक: वाळवी लागलेल्या दोन कैच्यांचे मधले चांगले लाकूड, २.६ मीटरचे चार तुकडे, ठोकून पाहिलेले. कोणत्याही हाउसला बाकासाठी, फळ्यासाठी, बॅकड्रॉपसाठी हवे असेल तर क्यूएम सरांकडे नंबर सांगून सही करून न्यावे.